मातीवाचून मळा

आपल्या भाषेने मातीला दोन प्रकारची वागणूक दिली आहे. एकीकडे शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो आणि पेरणीपूर्वी तिची पूजा करतो. दुसरीकडे एखादी गोष्ट फुकट गेली की तिची माती झाली असे आपण म्हणतो, पडेल भावाला मातीमोल म्हणतो, आणि कोणी भलतेच काही करून बसला की त्याने माती खाल्ली असा शेरा मारतो. शहरात राहणाऱ्या आपणा पुष्कळांच्या मनात यांतली दुसरी वागणूकच अधिक रुजली आहे. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर माती म्हणजे चिखल, फरशीवरचे डाग आणि खालच्या बिऱ्हाडाची तक्रार. अशा वेळी कोणी येऊन सांगितले की, माती अजिबात न आणता तुमच्या गच्चीत स्ट्रॉबेरी पिकेल, तर ते कोणाच्या कानांना गोड लागणार नाही?

आणि हे सांगणे खोटे नाही. खते विरघळवलेल्या पाण्यावर स्ट्रॉबेरीची रोपे वाढतात, फुलतात आणि लालबुंद फळे देतात. या रीतीला हायड्रोपोनिक्स असे नाव आहे. आपल्याकडे कोणी तिला जलशेती म्हणतात, कोणी मातीविना शेती म्हणतात. ही शेती घरच्या घरी कशी करावी, हे आज मी आपल्याला सांगणार आहेच. पण त्याबरोबर एक प्रश्नही आपल्यापुढे ठेवणार आहे. माती काढून टाकली, तर माती जी कामे मुकाट्याने करीत होती, ती यापुढे कोण करणार? ज्याने रोप लावण्याआधी या प्रश्नाचा विचार केला, त्याचे रोप जगण्याचा संभव पुष्कळ. ज्याने केला नाही, त्याला तो विचार रोप मेल्यावर करावा लागतो.

झाड मातीतून नेमके घेते तरी काय, हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. बेल्जियममधील व्हॅन हेल्माँट या वैद्याने सतराव्या शतकात एक साधा पण मोठा धीराचा प्रयोग केला. त्याने एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घातली आणि तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे पाण्याखेरीज त्याला काही दिले नाही. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले होते, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती अवघी दोनएक औंस कमी भरली. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, प्रसिद्ध झाला. झाड सारे पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष हेल्माँटने काढला. तो चुकला. हवेतील कार्बन वायूपासून झाड आपले शरीर घडवते, ही गोष्ट त्याच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हती. पण त्याने दुर्लक्षिलेल्या त्या दोन औंसांतच पुढचे सगळे शास्त्र दडलेले होते.

१६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड याने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली. पाण्यात बागेतील माती मिसळली होती तेथे रोपे अधिक जोमाने वाढली. अर्थात केवळ पाणी पुरत नाही, पाण्यात उतरलेले मातीतले काहीतरी हवे असते. ते काहीतरी म्हणजे काय, याचा उलगडा १८६० च्या सुमारास जर्मनीतील झाक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी केला. ठराविक क्षार मोजून पाण्यात विरघळवले की मातीचा कणही नसताना रोप बीपासून बीपर्यंत वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक हे मोठे घटक, आणि लोह, मंगल, जस्त, तांबे, बोरॉन, मोलिब्डेनम असे अत्यल्प प्रमाणात लागणारे घटक, ही यादी पुढील पाऊणशे वर्षांत हळूहळू पूर्ण होत गेली. हेल्माँटचे दोन औंस ते हेच.

प्रयोगशाळेतील ही युक्ती बागेत आणण्याचे श्रेय कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके याच्याकडे जाते. १९२९ पासून त्याने मोठ्या टाक्यांत टोमॅटोचे वेल वाढवले, आणि त्या वेलांची उंची पाहून वर्तमानपत्रे थक्क झाली. हायड्रोपोनिक्स हा शब्द त्याने १९३७ मध्ये प्रचारात आणला. मग काय विचारता! आता शेतीची गरजच उरली नाही, प्रत्येक घराच्या छपरावर अन्न पिकेल, अशा वल्गना सुरू झाल्या. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन या दोघांनी शांतपणे प्रयोग करून १९३८ मध्ये एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील द्रावणाची कृती आजही जगभर वापरली जाते. तथापि त्या पुस्तिकेचे खरे मोल तिच्या संयमात आहे. ऊन, हवा आणि निगा सारखी असेल, तर चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यात पीक जास्त येते असे नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. पाण्यात जादू नाही. जेथे चांगली माती नाही, तेथे पाणी उपयोगी पडते.

आपल्या देशालाही हा विषय नवा नाही. १९४६ च्या सुमारास दार्जिलिंगकडील कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस या इंग्रज संशोधकाने मातीविना शेतीचे प्रयोग आरंभले. महागडे पंप आणि टाक्या आपल्या लोकांना परवडणार नाहीत, हे त्याने ओळखले. खडी आणि दगडाचा बारीक चुरा यांचा वाफा करायचा, त्यावर क्षारांची पूड भुरभुरायची आणि वरून पाणी शिंपायचे, अशी साधी पद्धत त्याने बसवली. पुढे तिला बंगाल पद्धत असे नाव पडले. परदेशी यंत्र जसेच्या तसे उचलून आणण्यापेक्षा त्यामागचे तत्त्व समजून घेऊन आपल्या ऐपतीत बसवावे, हा त्याचा धडा आजही शिळा झालेला नाही.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. माती कोणती कामे करते? पहिले काम आधाराचे. ती मुळांना धरून ठेवते. दुसरे काम पाणी आणि हवा यांची वाटणी करण्याचे. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी राहते, मोठ्या छिद्रांत हवा राहते, आणि मुळांना दोन्ही एकाच जागी मिळतात. तिसरे काम कोठीचे. चिकणमातीचे आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे कण अन्नक्षार धरून ठेवतात आणि लागेल तसे सोडतात. चौथे काम मला सर्वांत मोठे वाटते, ते म्हणजे सांभाळून घेण्याचे. आपण एखाद्या दिवशी पाणी विसरलो, खत चिमूटभर जास्त टाकले, कडक ऊन पडले, तरी माती तो धक्का स्वतः सोसते आणि मुळांपर्यंत फार थोडा पोचू देते. आईचे नाव तिला उगीच मिळालेले नाही. पाण्याजवळ ही क्षमा नाही. पाण्यात केलेली चूक त्याच दिवशी मुळाला लागते. मातीवाचून मळा करायचा म्हणजे ही चारही कामे आपल्या अंगावर घ्यायची.

त्यात स्ट्रॉबेरी ही फार चोखंदळ विद्यार्थिनी आहे. तिची मुळे उथळ असतात आणि खारेपणा तिला मुळीच सोसत नाही. थंडी तिला हवी, पण ओला गारठा पानांवर साचलेला नको. महाबळेश्वर, पाचगणी आणि भिलार या सातारा जिल्ह्यातील टापूत ती रमली, याचे कारण तेथील उंची, हिवाळ्यातील थंड रात्री आणि निचऱ्याची तांबडी माती. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. घरी आपण ही तांबडी माती द्रावणाने भागवू शकतो. रात्रीचा गारवा मात्र विकत मिळत नाही. म्हणून लागवडीची वेळ साधणे हे पहिले पथ्य. पावसाळा सरताना, सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, रोपे लावावीत. दिवस लहान आणि रात्री थंड होऊ लागल्या की या जाती कळ्या धरतात. पुणे, नाशिक, इंदूर, बंगळूर येथील श्रोत्यांना हे सोपे जाईल. दिल्ली-ग्वाल्हेरकडे फळे बहुधा थंडीचा कडाका ओसरल्यावर येतील. मुंबई वा चेन्नईसारख्या उबट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी अपेक्षा थोडी आवरूनच धरावी.

रोप बीपासून करू नये. त्यात वेळ फार जातो आणि आईसारखी लेक निघेलच याचा भरवसा नसतो. स्ट्रॉबेरीच्या झाडाला जमिनीसरपट धावणाऱ्या फांद्या फुटतात, त्यांना शेतकरी रनर म्हणतात. त्या रनरच्या टोकाला तयार झालेले निरोगी रोप खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावे. महाबळेश्वराकडे विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा या जाती परिचित आहेत. रोपांची संख्या पहिल्या वर्षी दहा-बारापेक्षा जास्त नसावी. जागा अशी निवडावी की जेथे दिवसाचे सहा ते आठ तास ऊन मिळेल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेचा सज्जा या कामी सर्वांत चांगला.

यानंतर मुळांना ठेवायचे कोठे हा प्रश्न. रीती अनेक आहेत. एका रीतीत मुळे सरळ द्रावणाच्या टाकीत सोडतात आणि मत्स्यालयात असतो तसल्या छोट्या पंपाने पाण्यात हवा सोडतात. दुसऱ्या रीतीत उतरत्या नळीतून द्रावणाचा पातळ ओघ सतत वाहता ठेवतात. ही इंग्लंडमध्ये ॲलन कूपर याने १९६० नंतरच्या दशकात बसवली. चित्रांत दिसणाऱ्या पांढऱ्या नळ्यांच्या उतरंडी या रीतीच्या. त्या दिसायला फार सुरेख. पण वीज गेली की ओघ थांबतो, आणि उन्हाच्या दिवशी काही तासांत मुळे सुकतात. ज्या गावी विजेचा लपंडाव चालतो, तेथे या नळ्या म्हणजे टांगती तलवार. टाकीतही विजेचा वियोग फार वेळ चालत नाही. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना तो साडेसातवर येतो. आणि नेमक्या त्याच वेळी मुळांची भूक वाढलेली असते. म्हणून टाकी सावलीत ठेवावी आणि तिला पांढरे झाकण घालावे. झाकणाने शेवाळ धरत नाही आणि डासांनाही अंडी घालायला जागा मिळत नाही. उघड्या पाण्याने डेंग्यूला आमंत्रण देणारी बाग काय कामाची?

या सर्वांत नवशिक्याला सोयीची रीत म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात. आठ-दहा इंचांची, तळाला चांगली भोके असलेली कुंडी घ्यावी आणि ती भिजवलेल्या कोकोपीटने भरावी. हा भुसा वजनाला हलका, त्यामुळे सज्जावर भार पडत नाही. तो पाणीही धरतो आणि हवाही ठेवतो, म्हणजे मातीच्या चार कामांपैकी पहिली दोन तो आपल्यासाठी करतो. एक दिवस वीज गेली किंवा आपण गावाला गेलो, तरी रोप तग धरते. मातीला घालवून देऊन तिच्याच स्वभावाचा एक मदतनीस आपण पुन्हा दारातून आत घेतला, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. या भुशात मूळचे मीठ पुष्कळदा असते, कारण नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात. तेव्हा तो गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्यावा. रोप लावताना पाने जेथून फुटतात तो गड्डा भुशाच्या वर राहील अशी काळजी घ्यावी. गड्डा पुरला गेला तर तो कुजतो, आणि मग कोणतेही औषध उपयोगी पडत नाही.

आता तिसरे काम, कोठीचे. ते द्रावणाने करायचे. ही खते तयार मिळतात आणि बहुधा दोन बाटल्यांत मिळतात. दोन बाटल्या पाहून ही विकणाऱ्याची चतुराई असावी असा संशय कोणाला येईल. पण तिच्यामागे साधे रसायन आहे. कॅल्शियम असलेले दाट द्रावण आणि सल्फेट वा फॉस्फेट असलेले दाट द्रावण एकत्र केले की त्यांचा न विरघळणारा साका तळाशी बसतो आणि झाडाला तो काही मिळत नाही. म्हणून एक बाटली आधी भरपूर पाण्यात मिसळावी, ढवळावी, आणि मगच दुसरी घालावी.

द्रावण किती दाट असावे? येथे अंदाजाचे काम नाही. पाण्यात क्षार किती आहेत हे त्याच्या विद्युतवाहकतेवरून कळते आणि ती मोजणारे पेनाएवढे यंत्र मिळते. स्ट्रॉबेरीसाठी ही वाहकता आरंभी दर मीटरला ०.८ डेसिसायमन आणि पुढे १.२ ते १.४ च्या आसपास असावी. टोमॅटोला सोसते तेवढे दाट द्रावण स्ट्रॉबेरीला दिले, तर पानांच्या कडा करपतात. दुसरे माप सामूचे, म्हणजे आम्ल-अल्कतेचे. तो ५.५ ते ६.२ च्या दरम्यान ठेवावा. सामू वर चढला की द्रावणात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात. भरल्या ताटापुढे उपाशी बसावे तशातला हा प्रकार.

खत घालण्यापूर्वी आपले मूळ पाणीच मोजावे, हे मी आग्रहाने सांगेन. पुष्कळ विंधनविहिरींच्या पाण्याची वाहकता मुळातच एकच्या वर असते. म्हणजे खताचा थेंबही न घालता स्ट्रॉबेरीची सोसण्याची मर्यादा जवळजवळ गाठली गेली. अशा घरी बाटल्या आणि नळ्या यांवर पैसे घालवण्यापूर्वी पावसाचे साठवलेले पाणी किंवा शुद्ध केलेले पाणी मिसळण्याची सोय पाहावी. ती होत नसेल तर दुसरे पीक निवडावे. द्रावण देताना कुंडीच्या तळातून थोडे पाणी बाहेर येईल इतके द्यावे. त्यायोगे साचणारे क्षार धुतले जातात. हे बाहेर आलेले पाणी गटारात सोडू नये. त्यात नत्र आणि स्फुरद असते, आणि नदी-तलावांत जाऊन ते जलपर्णी आणि शेवाळ पोसते. घरातील इतर फुलझाडांना ते घालावे. ती आनंदाने घेतील.

रोपाला फूल आले की घरच्या बागेत एक अडचण उभी राहते, आणि तिचा संबंध या फळाच्या इतिहासाशी आहे. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी रानात कोठेही उगवलेली नाही. १७१४ साली फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चिली देशातून तेथील मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची रोपे घेऊन मायदेशी निघाला. प्रवास सहा महिन्यांचा, आणि जहाजावर गोड्या पाण्याची टंचाई. शेवटी पाच रोपे जगली. पण फ्रान्समध्ये ती रुजली तरी फळेना, कारण ती सारी मादी झाडे होती. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी स्ट्रॉबेरी शेजारी लावली गेली, तिचे पराग मिळाले, आणि फळे धरू लागली. त्या दोहोंच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मली. हे गूढ द्यूशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये उलगडून सांगितले.

आजच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, तरी पराग हलवायला वारा किंवा मधमाशी लागतेच. आपण ज्याला फळ म्हणतो तो वस्तुतः फुलाचा फुगलेला देठाकडील भाग असतो. त्याच्यावर टिकल्यांसारखे जे दाणे दिसतात, ती खरी फळे. १९५० मध्ये निच नावाच्या संशोधकाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरील हे दाणे काढून पाहिले, तेव्हा तिची वाढ थांबली. काही दाणे ठेवले, तर तेवढ्याच जागी ती फुगली. दाण्यांतून पाझरणारे संप्रेरक गराला वाढवते, हे त्यावरून दिसून आले. म्हणून पराग नीट न पोचलेले फळ एका बाजूने खुरटे आणि वाकडे होते. चौथ्या मजल्यावर मधमाशी येईलच असे नाही. तेव्हा सकाळी उन्हे आल्यावर चित्रकलेचा मऊ कुंचला घेऊन प्रत्येक फुलाच्या मध्यावर गोल फिरवावा. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्यावे. त्याचे बोट हलके असते आणि त्याला घाईही नसते.

याच्या पुढची एक पायरी आहे, मासे आणि रोपे एकत्र वाढवण्याची. तिला ॲक्वापोनिक्स म्हणतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषारी. पण काही सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे झाडाचे अन्न. हे जंतू सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. त्यांचे मूळ घर कोणते? ते आपल्या पायांखालची मातीच. खडीच्या थरावर हे जंतू वसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर थोडेच मासे ठेवून धीर धरावा लागतो. मेथी, पालक, पुदिना यांना ही रीत छान मानवते. स्ट्रॉबेरीचे मात्र माशांशी पुरते जमत नाही. मासे आणि जंतू यांना सामू सातच्या आसपास हवा, हिला सहाच्या खाली हवा. माशांच्या खाद्यातून पालाश आणि लोह तिला पुरेसे मिळत नाही. शिवाय मासे आजारी पडले की पाण्यात मीठ घालण्याची जी रूढ पद्धत आहे, ती हिच्या मुळावर येते. तेव्हा हा संसार मांडायचा असेल तर आधी पालेभाजीवर हात बसवावा.

आता हिशेब. तो लपवून या विषयावर बोलणे म्हणजे श्रोत्यांची फसवणूक होईल. चांगल्या निगराणीत एक रोप एका हंगामात पाव ते अर्धा किलो फळे देते. नवशिक्याने त्याचीही निम्मी धरावीत. मोजण्याची यंत्रे, खते, कुंड्या, रोपे यांचा खर्च मांडला, तर ऐन हंगामात महाबळेश्वरची पेटी आणणे बहुतेक घरांना स्वस्तच पडेल. आज मातीविना शेतीचे मोठमोठे संच पुष्कळ ठिकाणी विकले जातात, आणि कष्टावाचून उत्पन्नाची ग्वाहीही त्यांच्याबरोबर दिली जाते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी असल्या संचात घालणाऱ्याने आधी दहा कुंड्यांवर एक हंगाम काढावा. त्या हंगामात जे कळेल, ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. आणि हंगाम फसला, तर दहा कुंड्यांचेच नुकसान होईल.

मग हा खटाटोप करावाच कशाला, असे कोणी विचारील. चार कारणे मला दिसतात. झाडावर पूर्ण पिकलेली स्ट्रॉबेरी खुडून लगेच खाण्याचा आनंद पेटीतल्या फळात नसतो, कारण हे फळ खुडल्यावर गोड होत नाही. दूर पाठवायचे म्हणून ते थोडे आधी खुडावे लागते. दुसरे, फवारणी काय करायची हे आपल्या हाती राहते. लाल कोळी आणि करडी बुरशी येथेही येतात. पण पिकली पाने वेळेवर काढणे, हवा खेळती ठेवणे आणि पाने कोरडी राखणे यांनी पुष्कळसे काम होते. तिसरे, फिरते पाणी पुन्हापुन्हा वापरता येत असल्याने पाण्याची बचत होते, आणि दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मुलखात ही गोष्ट लहान नाही.

चौथे कारण मला या तिन्हींहून मोठे वाटते. ज्याने एक हंगामभर सामू मोजला, पाण्यातील हवेची चिंता वाहिली, विजेच्या भरवशावर रात्री काढल्या आणि कुंचल्याने फुले फळवली, त्याला माती काय काय करीत होती याची यादी तोंडपाठ होते. आणि वाईचा किंवा जावळीचा शेतकरी पाऊस, बुरशी आणि भाव यांच्याशी झुंजत ते फळ आपल्या दारी आणतो, तेव्हा त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करताना त्याची जीभ जरा अडखळते.

मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापू लागले की हंगाम संपतो. रोपे दमतात, फळे बारीक होतात. अशा वेळी कुंड्या रिकाम्या कराव्यात. वापरून झालेले कोकोपीट फेकू नये. त्यात तुटकी मुळे असतात, उरलेले अन्नक्षार असतात, आणि आता तेथे जंतूही वसलेले असतात. इमारतीच्या आवारातील झाडांच्या बुंध्याशी असलेल्या मातीत ते मिसळून द्यावे आणि वरून पाणी घालावे. वर्षभर जिच्यावाचून आपण काम चालवले, ती ते निमूटपणे ठेवून घेईल.